नूरिया एस्पेर्त : रंगमंचावरचे आयुष्य आणि पडद्यावरची तुटपुंजी नोंद

रंगवाचक

स्पॅनिश अभिनेत्री म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना पेद्रो आल्मोदोवारच्या चित्रपटांतले चेहरे आठवतात. नूरिया एस्पेर्त हे नाव मात्र जाणकार मित्रांनाही सहसा ठाऊक नसते, आणि याची मला मनापासून खंत वाटते. ११ जून १९३५ रोजी बार्सेलोनाला लागून असलेल्या लोस्पितालेत या कामगारवस्तीच्या गावात जन्मलेल्या, सुताराच्या आणि कापडगिरणीतल्या कामगार बाईच्या या मुलीने बालकलाकार म्हणून रंगमंचावर पाऊल ठेवले आणि वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षापर्यंत ती तिथेच उभी होती.

१९५४ साली बार्सेलोनाच्या मोंजुइक टेकडीवरच्या 'ग्रेक' या खुल्या नाट्यगृहात 'मेदेआ'चा प्रयोग व्हायचा होता. मुख्य अभिनेत्री एल्विरा नोरिएगा आजारी पडल्या आणि एकोणीस वर्षांच्या नूरियाबाईंना त्यांच्या जागी उभे करण्यात आले. नवऱ्याने टाकल्यावर स्वतःची मुले मारणारी ती स्त्री त्यांनी त्या कोवळ्या वयात साकारली आणि तिथून त्यांचे नाव झाले. १९५५ मध्ये त्यांनी अभिनेते आर्मान्दो मोरेनो यांच्याशी लग्न केले आणि १९५९ मध्ये दोघांनी मिळून स्वतःची नाटक कंपनी काढली. पुढे मोरेनो यांनी स्वतःचा अभिनय मागे ठेवून कंपनीचा कारभार सांभाळला.

माझे म्हणणे असे की, एस्पेर्त यांची थोरवी त्यांच्या भूमिकांच्या यादीत शोधू नये. फ्रँकोच्या हुकूमशाहीत, सेन्सॉरच्या डोळ्यांसमोर, स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या नावावर त्यांनी जी नाटके उभी केली, त्यांत ती शोधावी. प्रश्न एवढाच, की ज्या अभिनेत्रीचे बहुतेक उत्तम काम प्रयोग संपताच नाहीसे झाले, तिचे मोल ते न पाहिलेल्या आपण कशावरून ठरवावे? आणि नव्या माणसाने तिच्याकडे वळायचे, तर सुरुवात कुठून करावी?

तिसरीघंटा

विषय उत्तम आहे, पण पहिल्याच मुद्द्यावर माझा मतभेद आहे. एस्पेर्त यांची जी दोन निर्मिती जगभर गाजली, फ्रेंच नाटककार झाँ जने यांचे 'मोलकरणी' (१९६९) आणि स्पॅनिश कवी-नाटककार लोर्काचे 'येर्मा' (१९७१), त्या दोन्हींचा दिग्दर्शक व्हिक्तोर गार्सिया हा अर्जेंटिनातून आलेला विलक्षण प्रतिभेचा माणूस होता. चकाकणाऱ्या धातूच्या पत्र्यांनी वेढलेला मंच, त्यात प्रतिबिंबांनी दुणावलेल्या दोन मोलकरणी आणि त्यांच्या पायांत ग्रीक नटांसारखी उंच टाचांची पादत्राणे, ही सगळी कल्पना त्याची होती. श्रेय द्यायचे तर आधी त्याला द्यावे. १९८२ मध्ये पॅरिसमध्ये तो सत्तेचाळिशीच्या आतबाहेर गेला आणि आज त्याचे नाव एस्पेर्त यांच्या चरित्रातल्या एका परिच्छेदापुरते उरले आहे. हा त्याच्यावर अन्याय आहे.

पिटातली

गार्सियाचे श्रेय कोणीच नाकारत नाही. पण त्याला बोलावले कोणी, हेही विचारायला हवे. ती कंपनी एस्पेर्त-मोरेनो यांची होती. नाटक बंद पडले असते तर बुडणारा पैसा त्यांचा होता आणि परवानगी नाकारली गेली असती तर काळ्या यादीत जाणारे नावही त्यांचेच होते. कंपनीचे पहिले नाटक 'जिजी' हे हलकेफुलके होते आणि तोच मार्ग धरून त्यांना सुखाने धंदा करता आला असता. त्याऐवजी १९६६ च्या अखेरीस त्यांनी रिकार्द साल्वात यांच्या दिग्दर्शनाखाली ब्रेख्टचे 'सेझुआनची भली बाई' केले आणि लगेच पुढच्या वर्षी सार्त्र यांच्या नाटकांना हात घातला. फ्रँकोच्या स्पेनमध्ये ही दोन्ही डाव्या विचारांची नावे कोणत्या नजरेने पाहिली जात असतील, ते सांगायला नको.

त्या व्यवस्थेत संहितेला मंजुरी मिळाली म्हणजे सुटलो, असेही नव्हते. रंगीत तालीम पाहायला सरकारी निरीक्षक येत असे आणि कागदावर मंजूर झालेले नाटक हालचालीसाठी, कपड्यांसाठी किंवा एखाद्या विरामासाठीही अडू शकत असे. अशा वातावरणात गार्सियासारख्या प्रक्षोभक दिग्दर्शकाच्या हाती आपली कंपनी सोपवणे, हा निर्णयही कलावंताचाच असतो.

नेपथ्यवाला

'येर्मा'च्या नेपथ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण वरच्या वादाचे उत्तर मला त्यातच दिसते.

लोर्काचे हे नाटक एका शेतकऱ्याच्या निपुत्रिक बायकोचे आहे. मूल नाही म्हणून ती आतल्या आत जळत राहते आणि शेवटी स्वतःच्या हातांनी नवऱ्याचा गळा दाबते. १९३४ च्या डिसेंबरात माद्रिदमध्ये मार्गारिता शिर्गू यांनी ते प्रथम केले. त्यानंतर स्पेनमध्ये लोर्का करायचा म्हणजे पांढरी भिंत, मातीचे माठ, अंदालुसियाचे उन्ह आणि झालरीचे झगे, असा एक साचा बसत गेला. १९७१ च्या प्रयोगात या साच्यातले काहीही उरले नाही. फाबिया पुइगसेर्वेर या नेपथ्यकाराने गार्सियासोबत लोखंडाची पाचकोनी चौकट उभारली आणि तिच्यावर करड्या रंगाचे भलेमोठे कॅनव्हास ताणून बसवले. संपूर्ण नाटक त्या कापडावर घडत असे. दोर ओढले की कापड वर उचलले जाई आणि त्याची टेकडी, गुहा किंवा तंबू होई. सैल सोडले की नट त्यात रुतत.

आता अभिनेत्रीच्या बाजूने पाहा. पायाखाली कठीण जमीनच नाही. प्रत्येक पावलाला कापड खाली जाते आणि उसळी मारते, त्यामुळे नटाला तोल सांभाळण्यासाठी सगळे अंग सतत वापरावे लागते, आणि त्याच वेळी लोर्काचे काव्यमय संवाद श्वास न तुटता बोलायचे असतात. येर्माला कुठेच पाय रोवता येत नाही, हे त्या नाटकाचे मर्म प्रेक्षकाला समजावून सांगण्याची गरजच पडत नसे. ही कल्पना गार्सियाची व पुइगसेर्वेरची, हे मान्य. पण लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंत हजारो मैल ती अवजड चौकट वाहून नेत, देशोदेशी त्या हलत्या कापडावर उभे राहून जिने ते सिद्ध केले, ती एस्पेर्त होती. दिग्दर्शकाच्या कल्पनेला नटाचे शरीर मिळाले नाही, तर ती कागदावरच राहते.

तिसरीघंटा

नेपथ्यवाला, आपले विवेचन मला पटले. श्रेयाचा प्रश्न मी एक-दुसऱ्यातून वजा करण्याच्या रीतीने मांडला, तो दोघांच्या भागीदारीचा आहे, असे आता म्हणतो. तरीही गार्सियावर स्वतंत्र धागा निघावा, ही मागणी कायम आहे. १९७५ मध्ये त्याने याच कंपनीसोबत स्पॅनिश नाटककार वाये-इन्क्लानचे 'दिव्य शब्द' केले, तेव्हा रंगमंचावर चर्चच्या ऑर्गनचे हलते पाइप उभे केले होते, त्याविषयीही तिथे लिहिता येईल.

काटेकोर

कामाच्या परिस्थितीविषयी एक नोंद. त्या काळी स्पेनमध्ये व्यावसायिक नटांनी रोज दोन प्रयोग करण्याची रूढी होती, एक संध्याकाळचा आणि एक रात्रीचा. आठवड्याची हक्काची सुट्टीसुद्धा नटांना सत्तरच्या दशकात झगडून मिळवावी लागली. फेब्रुवारी १९७५ मध्ये, म्हणजे फ्रँकोच्या मृत्यूच्या काही महिने आधी, माद्रिदच्या नटांनी संप पुकारला, नाट्यगृहे बंद पडली आणि काही कलावंतांना अटकही झाली. दिवसाला एकच प्रयोग असावा, हीदेखील त्यांची एक मागणी होती. आपल्याकडे शनिवार-रविवारी लागोपाठ प्रयोग करणाऱ्या नटांची दमछाक आपण पाहतो. तसे काम रोजचेच असणाऱ्या पिढीतून या बाई आल्या आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या दीर्घ कारकिर्दीचा अर्थ अधिक कळतो.

कृष्णाकाठ

'येर्मा'चा विषय निघाला आहे, तर आपल्या रंगभूमीचा दुवा इथे नोंदवायलाच हवा. हेच नाटक आरती हवालदार यांनी 'चांगुणा' या नावाने मराठीत आणले. जयदेव हट्टंगडी यांनी ते दिग्दर्शित केले आणि त्यातली प्रमुख भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट आहे, म्हणजे एस्पेर्त यांचे 'येर्मा' जग फिरत होते, साधारण त्याच काळातली. निपुत्रिक बाईकडे पाहण्याची गावाची नजर, नणंदांची पाळत, देवाला घातलेले नवस, यांतले काहीच मराठी प्रेक्षकाला परके नव्हते.

दुसरा दुवा लोर्काच्याच 'बेर्नार्दा आल्बाचे घर' या नाटकाचा. गोविंद निहलानी यांनी त्यावरून 'रुकमावती की हवेली' हा हिंदी चित्रपट केला (१९९१), कथा राजस्थानात नेली आणि मुलींना वाड्यात कोंडून ठेवणाऱ्या त्या कठोर आईची भूमिका उत्तरा बावकर यांना दिली. मूळच्या सांगलीच्या आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालयात घडलेल्या बावकरबाईंचा ताठ कणा आणि खालच्या पट्टीतला आवाज ज्यांनी पाहिला-ऐकला आहे, त्यांना लोर्काची बेर्नार्दा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. एस्पेर्त यांनी स्वतः बेर्नार्दा केली ती २००९ मध्ये, लुईस पास्क्वाल यांच्या दिग्दर्शनाखाली, आणि तेव्हा मोलकरीण पोन्सियाच्या भूमिकेत रोसा मारिया सार्दा होत्या. या दोन बेर्नार्दांची तुलना करायला मिळती, तर किती चांगले झाले असते!

थेम्सकाठ

कृष्णाकाठ यांनी बेर्नार्दाचे नाव काढले, म्हणून लंडनचा प्रसंग सांगतो, कारण त्याने एस्पेर्त यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. १९८६ मध्ये हॅमरस्मिथच्या लिरिक नाट्यगृहाने त्यांना हेच नाटक इंग्रजीत दिग्दर्शित करायला बोलावले. तोवर त्यांची ख्याती अभिनेत्री म्हणून होती. बेर्नार्दा होत्या ग्लेंडा जॅक्सन आणि पोन्सिया होत्या जोन प्लाउराइट, म्हणजे ब्रिटिश रंगभूमीवरची दोन भक्कम नावे. एस्पेर्त यांनी त्यांना लोर्काच्या कोंडलेल्या, उकाड्याने घुसमटणाऱ्या घरात आणून बसवले. एत्सियो फ्रिजेरियो यांनी उभारलेल्या उंच भिंती आणि काळ्या कपड्यांतल्या बायका, एवढ्यावर तो प्रयोग उभा होता. पुढच्या वर्षी तो वेस्ट एंडला गेला आणि नंतर दूरचित्रवाणीसाठी चित्रितही झाला. त्यामुळे रंगवाचक यांच्या 'सुरुवात कुठून करावी' या प्रश्नाला माझे एक उत्तर हे चित्रण आहे. त्यात एस्पेर्त दिसत नाहीत, पण त्यांची दृष्टी प्रत्येक चौकटीत आहे.

या यशामुळे त्यांच्यासाठी ऑपेराची दारे उघडली. स्कॉटिश ऑपेरासाठी १९८७ मध्ये त्यांनी इटालियन संगीतकार पुच्चीनीचे 'मादामा बटरफ्लाय' बसवले आणि पुढच्या वर्षी ते लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात गेले.

फोलिओ

ऑपेराच्या संदर्भात बार्सेलोनाच्या लिसेऊचा उल्लेख राहून जाऊ नये. हे ऐतिहासिक ऑपेरागृह ३१ जानेवारी १९९४ च्या आगीत भस्म झाले. पुन्हा बांधल्यावर ऑक्टोबर १९९९ मध्ये ते पुच्चीनीच्या 'तुरांदोत'ने उघडले आणि त्याचे दिग्दर्शन एस्पेर्त यांनी केले. पुच्चीनी हे ऑपेरा अपुरे ठेवून वारला आणि त्याचा गोड शेवट दुसऱ्याने रचला. एस्पेर्त यांनी नायिका तुरांदोतला अखेरच्या क्षणी आत्महत्या करायला लावली, आणि त्यावर टीकाही झाली. माझ्या मते मेदेआ आणि येर्मा यांच्यासोबत आयुष्य काढलेल्या बाईला तो गोड शेवट मान्य होणे शक्यच नव्हते. शहराच्या इतक्या मोठ्या सोहळ्याच्या रात्रीही त्यांनी आपले मत झाकले नाही, याचा मला आदर वाटतो.

मूकपट

मूळ लेखातल्या 'तुटपुंजी नोंद' या शब्दांविषयी थोडी तक्रार आहे. चित्रपट थोडे आहेत हे खरे, पण ते नगण्य नाहीत. फर्नांदो आर्राबाल यांच्या 'व्हिवा ला मुएर्ते' (१९७१) मध्ये एस्पेर्त यांनी आईची भूमिका केली. स्पेनच्या यादवी युद्धानंतरच्या काळात, आपल्या वडिलांना आईनेच सत्ताधाऱ्यांच्या हाती दिले असावे, असा संशय येणाऱ्या मुलाची ती कथा आहे.   त्यात कॅमेऱ्यासमोर आवाज आणि हातवारे आखडते घेणारी एस्पेर्त दिसते. नाटकातली नटी पडद्यावर भडक होते, हा समज इथे टिकत नाही.

पिटातली

मूकपट, आपले म्हणणे बरोबर आहे, फक्त यात एक पुस्ती जोडते. 'मोलकरणी'तली दुसरी बहीण झालेल्या हुलिएता सेर्रानो यांनी नाटकाबरोबर चित्रपटाचाही रस्ता धरला. आल्मोदोवारच्या १९८८ च्या विनोदी चित्रपटात पिस्तूल घेऊन मोटारसायकलवर निघालेली ती वेडसर पत्नी आठवा, त्या या सेर्रानो! २०१९ च्या 'दोलोर इ ग्लोरिया'मधली म्हातारी आईही त्याच. एकाच रंगमंचावर, एकाच नाटकात बरोबरीने उभ्या राहिलेल्या दोघींपैकी एकीचा चेहरा जगाला ठाऊक झाला आणि दुसरीचे केवळ नाव राहिले, तेही नाटकवाल्यांमध्ये. गुणांचा फरक याचे कारण नाही. एक माध्यम साठवून ठेवते आणि दुसरे ठेवत नाही, एवढेच.

दर्पण

याच विषयाला धरून त्याच वर्षी, १९३५ मध्येच, वायादोलिद येथे जन्मलेल्या लोला एर्रेरा यांचे उदाहरण द्यावेसे वाटते, कारण ते नेमके उलट टोकाचे आहे. मिगेल देलिबेस यांच्या कादंबरीवर आधारलेले 'मारियोसोबत पाच तास' हे एकपात्री नाटक त्यांनी १९७९ मध्ये माद्रिदच्या मार्किना नाट्यगृहात सुरू केले. नवऱ्याचे प्रेत घरात ठेवलेले असताना कार्मेन नावाची मध्यमवर्गीय बाई रात्रभर त्याच्याशी बोलत राहते, तक्रारी करते, स्वतःची बाजू मांडते आणि पहाटेच्या सुमारास जे इतकी वर्षे दडवले तिथे येऊन पोहोचते. ही भूमिका एर्रेराबाई अधूनमधून चार दशके करत राहिल्या.

बार्सेलोनातल्या एका प्रयोगात त्या रंगमंचावरच बेशुद्ध पडल्या. कार्मेनचे आयुष्य आपल्याच आयुष्याशी भिडते आहे, ही जाणीव त्यांना असह्य झाली होती. यातूनच दिग्दर्शिका होसेफिना मोलिना यांनी 'फुन्सियोन दे नोचे' (१९८१) हा चित्रपट केला. त्यात एर्रेरा आणि विभक्त झालेले त्यांचे पती, अभिनेते दानिएल दिसेन्ता, मेकअपच्या खोलीत बसून आपल्या मोडलेल्या संसाराविषयी खरेखुरे बोलतात. स्पेनमध्ये घटस्फोटाचा कायदा आला तोही १९८१ मध्येच. एस्पेर्त यांनी रूपे बदलत आयुष्य काढले, एर्रेरा यांनी एकाच रूपात खोल खोल उतरत काढले. मला दुसरा मार्ग अधिक धाडसाचा वाटतो.

रंगवाचक

दर्पण, एर्रेराबाईंचे मोठेपण निर्विवाद आहे. परंतु एस्पेर्त रूपे बदलत गेल्या, हे अर्धेच खरे आहे, कारण त्यासुद्धा त्याच त्या नाटकांकडे पुन्हा पुन्हा परतल्या. १९५४ ची मेदेआ त्यांनी कारकिर्दीत अनेकदा केली आणि २००१ मध्ये मिहालिस काकोयानिस यांच्या दिग्दर्शनाखाली, पासष्टी ओलांडल्यावरही केली. लोर्काचेही तसेच. 'येर्मा', मग १९८० मध्ये होर्हे लाव्हेली यांनी बसवलेले 'दोन्या रोसिता', मग लंडनची बेर्नार्दा, मग स्वतः केलेली बेर्नार्दा. हा क्रम पाहिला की त्याही एकाच विहिरीतून आयुष्यभर पाणी शेंदत होत्या, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट. फ्रँको गेल्यावर स्थापन झालेल्या राष्ट्रीय नाट्यकेंद्राची धुरा १९७९ ते १९८१ या काळात होसे लुईस गोमेस आणि रामोन तामायो यांच्यासोबत त्यांनी सांभाळली. ज्या राज्यव्यवस्थेशी झगडत नाटके केली, तिच्या जागी आलेल्या लोकशाहीत संस्था उभारण्याचे काम अंगावर घेणे, हेही या कारकिर्दीचे तितकेच महत्त्वाचे अंग आहे.

समुद्रपार

मी काही वर्षे बार्सेलोनात होते आणि २०१५ मध्ये तेआत्रे लिउरे येथे पास्क्वाल यांनी कातालान भाषेत बसवलेला शेक्सपिअरचा 'लिअर' पाहिला. शीर्षक भूमिकेत ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या एस्पेर्त. स्त्रीने लिअर केला, या नवलाईवर माझे लक्ष फार वेळ टिकले नाही, कारण काही मिनिटांतच समोर केवळ एक म्हातारा राजा होता, रागीट, खुळावलेला आणि आपल्याच शब्दाने अडकलेला. पुरुषी दिसण्याची धडपड त्यांनी केलीच नाही. माझे कातालान बेताचे होते, तरी मुलगी कॉर्डेलियाचे प्रेत पाहताना त्यांनी आवाज चढवण्याऐवजी जवळजवळ सोडून दिला, ते मला अजून ऐकू येते.

रंगवाचक यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून एवढेच सांगते की, ही त्यांची पहिली पुरुषभूमिका नव्हती. पंचविशीत, १९६० मध्ये, त्याच ग्रेकमध्ये त्यांनी हॅम्लेट केला होता. लाव्हेलींनी बसवलेल्या शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'मध्ये जादूगार प्रॉस्परो आणि त्याचा सेवक एरिअल या दोन्ही भूमिका त्यांच्याच होत्या. पंचाहत्तरीत मिगेल देल आर्को यांच्या दिग्दर्शनाखाली शेक्सपिअरच्या ल्युक्रीसवरच्या दीर्घकाव्याचा एकपात्री प्रयोग त्यांनी केला, तेव्हा अत्याचार करणारा आणि अत्याचार सोसणारी, दोन्ही त्याच होत्या.

काटेकोर

पूर्णतेसाठी : २०१६ मध्ये त्यांना कलाक्षेत्रासाठीचा 'प्रिन्सेस ऑफ आस्तुरियास' पुरस्कार मिळाला. मारियो गास यांच्या दिग्दर्शनाखाली 'ला इस्ला देल आइरे' हे नाटक त्यांनी २०२३ मध्ये केले.

कृष्णाकाठ

मूळ प्रश्नाकडे येतो. प्रत्यक्ष न पाहिलेल्या अभिनेत्रीचे मोल ठरवण्याची सवय मराठी प्रेक्षकाला आहे. बालगंधर्वांना रंगमंचावर पाहिलेले आज आपल्यात कोणी नाही. ध्वनिमुद्रिका आहेत, छायाचित्रे आहेत, पाहिलेल्यांनी लिहिलेले आहे, आणि त्यानंतरच्या नटांवर पडलेला प्रभाव आहे. एस्पेर्त यांच्याबाबत यांतला शेवटचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. 'येर्मा'नंतर झालरीचे झगे घालून लोर्का करणे कोणत्याही गंभीर नाटक कंपनीला सोपे राहिले नाही, आणि असे परिणाम चित्रफितीशिवायही मोजता येतात.

नव्या वाचकाने आधी 'येर्मा' वाचावे, अगदी एका बैठकीत. मग मूकपट यांनी सांगितलेला 'व्हिवा ला मुएर्ते' पाहावा आणि त्यानंतर थेम्सकाठ यांनी सांगितलेले बेर्नार्दाचे चित्रण. त्याच आठवड्यात 'रुकमावती की हवेली'ही पाहून घ्यावी.

नेपथ्यवाला

कृष्णाकाठ यांच्या क्रमाला माझे अनुमोदन. फक्त 'येर्मा' वाचण्यापूर्वी त्या ताणलेल्या कॅनव्हासची छायाचित्रे पाहू नका, वाचून झाल्यावर पाहा. आधी पाहिली तर ते नाटक दुसऱ्या कोणत्याही मंचावर कल्पणे अवघड होते, आणि पहिल्या वाचनात ते ज्याने-त्याने आपल्या मनात उभे केले पाहिजे. 'चांगुणा'चा प्रयोग ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी त्याच्या नेपथ्याविषयी इथेच लिहावे, अशी विनंती.